सीड टाकीवरचा ठपका

हिंगोलीहून वाशीमकडे जाताना कनेरगाव नाक्याच्या अलीकडे एक छोटा कारखाना होता. हिंगोली जिल्हा नवा झाला त्याच सुमारास तो सुरू झाला. पुढे बाहेरच्या देशातली स्वस्त पावडर बाजारात आली आणि तो बंद पडला. आता तिथे पत्र्याची एक शेड उरली आहे, तीत सोयाबीनची पोती ठेवतात. कारखाना चालू असताना रस्त्यापर्यंत मळीचा गोडसर, आंबूस वास यायचा. आत दारू तयार होते असा परिसरातल्या बहुतेकांचा समज होता. कोणी ना कोणी जीपमधून उतरून गेटवर चौकशीला यायचे. वॉचमन सांगायचा, "कोंबड्याचं खाद्य हाय, दादा." एकदा एकाने त्यावर विचारले, "मंग कोंबड्याला चढती का?"

तयार होत होते ते लायसिन. कोंबड्यांच्या खाद्यात मका आणि सोयाबीनची पेंड असते. पिल्लाच्या अंगावर मांस धरायला लायसिन हा घटक लागतो आणि मक्यात तो कमी असतो. वरून घातला तर तेवढ्याच खाद्यात पिल्लू लवकर भरते. हे लायसिन जिवाणूंकडून करून घेतात. साखर कारखान्यातून आलेली मळी त्यांना खायला द्यायची, हवा द्यायची, ऊब सांभाळायची आणि तीन दिवसांनी टाकीतला रस वाळवून पावडर करायची. सांगायला एवढेच आहे.

मी या कारखान्याच्या प्रयोगशाळेचा प्रमुख होतो. प्रमुख म्हणजे माझ्या हाताखाली एक सहायक होती. सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेऊनही काम मिळेना म्हणून त्याआधी तीन वर्षे परभणीच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. तिथल्या दोन सवयी बरोबर आल्या. एक, थोडक्यात लिहिण्याची. दुसरी, मजकुराचा वरचा भाग नीट वाचण्याची आणि खालचा सोडून देण्याची. बातमीत महत्त्वाचे ते वर असते, जागा कमी पडली की खालून कापतात. दोन्ही सवयींचा पुढच्या हकिकतीशी संबंध आहे.

आधी धंदा समजावून सांगतो. जिवाणू लायसिन तयार करतो तो स्वतःपुरते. गरज भागली की थांबतो. वसमतकडच्या शेतकऱ्याला हे कालव्यावरून लगेच कळेल. एका कालव्याला पुढे दोन चाऱ्या, म्हणजे लहान पाट, आहेत असे समजा. एका चारीचे पाणी लायसिनच्या वावरात जाते, दुसरीचे थ्रिओनिन नावाच्या दुसऱ्या घटकाच्या वावरात. दोन्ही वावरे भिजली की कालव्याच्या तोंडाचे दार आपोआप पडते. पुण्याच्या एका प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी यातली दुसरी चारी मोडून टाकली होती. थ्रिओनिनचे वावर कोरडे राहिले, त्यामुळे दार पडायचे कारण उरले नाही. सगळे पाणी लायसिनच्या वावरात शिरले आणि बांधावरून बाहेर वाहू लागले. ते वाहणारे पाणी गोळा करणे हा आमचा उद्योग होता.

यात जिवाणूवर जुलूम आहे, तेही लिहिले पाहिजे. थ्रिओनिन मिळाले नाही तर तो वाढत नाही. म्हणून कोरड्या वावराला बादलीने पाणी घालावे तसे आम्ही त्याला सोयाबीन पेंडीचा अर्क मोजून द्यायचो. जास्त दिला तर दार पडणार. कमी दिला तर जिवाणू मरणार. अर्धपोटी ठेवला तरच तो कामाचा. आणि लाखोंत एखादा जिवाणू मोडलेली चारी आपली आपण दुरुस्त करून घेतो. तो पोटभर जगतो, भराभर वाढतो, लायसिन मात्र देत नाही. पुढे शास्त्रज्ञ चारीची जमीनच कापून काढू लागले, म्हणजे दुरुस्तीचा प्रश्न राहिला नाही. आमच्या जिवाणूला परतीची वाट शिल्लक होती.

पुण्याहून तो सहा बंद कुप्यांमध्ये आला, वाळवून ठेवलेला. सोबत तीन पानांची टाइप केलेली माहिती होती. मी पहिले पान दोनदा वाचले, दुसरे एकदा आणि कागद फाइलला लावले.

कुपी फोडून जिवाणू काचनळीत वाढवायचा, नळीतून प्लेटवर पसरायचा. प्लेटवर टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके उगवतात, त्यांना कॉलनी म्हणतात. त्यातल्या दहा-बारा कॉलन्या उचलून पुन्हा नळीत लावायच्या. नळीतला माल सीड टाकीत, म्हणजे बियाण्याच्या लहान टाकीत जाणार, सीड टाकीतला मोठ्या टाकीत. घरी विरजण राखतात, तसेच हे.

कॉलन्या उचलण्याचे काम मी कोणाला देत नसे. प्लेटवर बहुतेक कॉलन्या बारीक, फिकट असायच्या. दोन-चार टपोऱ्या, चकचकीत असायच्या. माझा हात टपोऱ्यांकडे जायचा. हट्टा या आमच्या गावी आमची कोरडवाहू जमीन होती. सुगीत वडील खळ्यावर बसून ज्वारीची सगळ्यात भरलेली कणसे बाजूला काढायचे आणि बियाण्यासाठी आढ्याला बांधायचे. बारके कणीस बियाण्याला ठेवलेले मी पाहिले नव्हते. प्लेटसमोर बसल्यावर हा विचार मनात यायचा असेही नाही. हात जायचा, एवढेच.

सीड टाकीवर नामदेव पोले हा ऑपरेटर होता. सेनगावच्या पुढचा, मेंढ्या-शेळ्या पाळणाऱ्या घरातला, बारावी झालेला. टाकी भरण्याआधी वाफ सोडून आतले इतर सगळे जंतू मारावे लागतात. एखादा कोपरा थंड राहिला तर बाहेरचा जंतू वाचतो आणि मळीवर ताव मारतो. नामदेव प्रत्येक व्हॉल्व्हला हाताची पालथी बाजू जवळ नेऊन ऊब बघायचा. घड्याळाप्रमाणे वेळ झाली तरी वाफ लगेच बंद करायचा नाही.

"झाली की वेळ," मी एकदा म्हणालो.

"घड्याळाची झाली, सर. टाकीची न्हाई झाली."

त्याच्या उमेदवारीचे वर्ष संपत आले होते. ते संपले की तो कायम होणार होता. घरात कायम पगाराचा तो पहिलाच असता.

त्याच वर्षी उत्पादन उतरू लागले. प्रत्येक टाकीचे लायसिन प्रयोगशाळेत मोजले जाई. आकडा दर महिन्याला थोडा खाली यायचा. आम्ही आधी मळीला दोष दिला. मग भारनियमनाला दिला, कारण वीज गेली आणि जनरेटर लागेपर्यंत हवा बंद पडली की जिवाणू गुदमरतो. दोन्हींत थोडे तथ्य होते. त्यामुळे तिसरे कारण शोधण्याची घाई कोणी केली नाही.

एका सकाळी वाशीमकडचे एक कोंबडीपालक डालग्यात दोन कोंबड्या घेऊन आले. मॅनेजरच्या टेबलावर त्यांनी डालगे ठेवले.

"साहेब, ह्या दोघी एकाच दिवशीच्या. एकीले तुमची पावडर चारली, एकीले न्हाई. सांगा बरं, पावडरवाली कोणची?"

मॅनेजर बाहेरगावचे, हिंदी बोलणारे. त्यांनी थोडा वेळ पाहिले आणि एकीकडे बोट दाखवले. "ये वाली."

"कशावरून, साहेब? मी रोज पाहतो, मलेबी ओळखू येऊन नाही राहिली. तुमाले कुठून येईन!"

ते निघून गेल्यावर मॅनेजरनी मला बोलावले. कारण आजच्या आज लेखी हवे, असे म्हणाले. मी टाकीतल्या नमुन्याची प्लेट काढली. तिच्यावर दोन आकारांच्या कॉलन्या होत्या, टपोऱ्या पुष्कळ आणि बारीक थोड्या. टपोरा तो आपला आणि बारीक तो घुसखोर, असे मी धरले. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही हुबेहूब एकसारखे दिसले. बाहेरचा जंतू सहसा वेगळा दिसतो. हे मला ठाऊक होते. तरी मी चार ओळींचा अहवाल लिहिला: सीड टाकीत बाह्य जंतूंचा शिरकाव झाल्याचा संशय आहे; टाकीच्या निर्जंतुकीकरणात कसूर झाली असण्याची शक्यता आहे.

दैनिकात असताना अशी बातमी एखाद्या वार्ताहराकडून आली असती तर पुरावा कुठे आहे असे विचारून मी ती परत पाठवली असती. इथे विचारणारे कोणी नव्हते.

दुसऱ्या दिवशी नामदेवला काम बंद करण्याचे पत्र मिळाले. पत्रात "सफाईत कसूर" हे शब्द होते. तो प्रयोगशाळेच्या दारात आला. आत आला नाही.

"सर, टाकी मीच धुतो ते खरंय. पण घाण राहिली असं तुमी पाह्यलं का?"

"अहवालात संशय म्हटलं आहे, नामदेव."

"पत्रात संशय न्हाई लिवलेला. काहून असं केलं, सर?"

बघू, असे काहीतरी मी म्हणालो. तो गेला.

त्याच्या जागी नवा माणूस आला. टाकी दुप्पट वेळ वाफवली जाऊ लागली. आकडा आणखी खाली गेला.

माझी सहायक वंदना खिल्लारे हिंगोलीतच राहत असे. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, घरात सगळ्यांना कागद शेवटपर्यंत वाचण्याची शिस्त. मी तिला वंदनाताई म्हणत असे. नामदेव गेल्यानंतर सुमारे महिन्याने तिने माझ्यासमोर एक प्लेट ठेवली. प्लेट ठिपक्यांनी भरून गेली होती.

"कसली प्लेट?"

"उपाशी प्लेट, सर. साखर घातली, क्षार घातले. थ्रिओनिन घातलं नाही."

"नमुना टाकीचा?"

"टाकीचा नाही. आपल्या फ्रिजमधल्या नळीचा. टाकीत जायच्या आधीचा. थ्रिओनिन नसताना आपला जिवाणू जगायलाच नको. हा तर मजेत वाढून राहिला."

ही चाचणी कोणी सांगितली, असे मी विचारले.

"पुण्याच्या कागदात आहे. शेवटच्या पानावर, अगदी खाली."

फाइल तिने बरोबरच आणली होती. तिसऱ्या पानाच्या तळाशी तीन सूचना होत्या. दर तीन महिन्यांनी नवी कुपी फोडावी. बारीक कॉलन्याच निवडाव्यात, मोठ्या कॉलन्या उलटलेल्या जिवाणूच्या असतात. उपाशी प्लेटवर वाढ दिसल्यास नळी टाकून द्यावी.

मी वर्षभर नवी कुपी फोडली नव्हती. कुप्या पुरवून वापराव्यात असा हिशेब होता. आणि महिन्यामागून महिना टपोऱ्या कॉलन्या उचलून उलटलेला, म्हणजे मोडलेली चारी दुरुस्त करून घेतलेलाच जिवाणू वाढवत आणला होता. ज्याला मी घुसखोर ठरवले, तो आमचा उरलासुरला खरा जिवाणू होता.

"नामदेवभाऊंच्या टाकीपर्यंत जायची गरजच नव्हती," वंदनाताई म्हणाली. "बिघाड ह्या टेबलावरच होता." कॉलन्या कोण उचलत होते, हे तिने विचारले नाही. तिला माहीत होते.

आम्ही नवी कुपी फोडली. प्लेटवर सगळ्या कॉलन्या बारीक आणि फिकट आल्या. तिसऱ्या टाकीला आकडा पूर्ववत झाला. मी मॅनेजरना सगळे सांगितले आणि नामदेववरचा ठपका मागे घेण्याचे पत्र मागितले.

"आदमी तो गया," ते म्हणाले. "अब काहे को?"

मी रोज जाऊन विचारत राहिलो. आठवड्याने ते कंटाळले. "लिख लाओ, साइन करता हूँ. लेकिन ज्यादा मत लिखना."

मी जास्त लिहिले नाही. मजकूर असा होता: सीड टाकीत बाह्य जंतू शिरल्याचा पूर्वीचा निष्कर्ष मागे घेण्यात येत आहे. जिवाणूंच्या निवडीत त्रुटी राहिल्याचे आढळून आले आहे. श्री. नामदेव सटवाजी पोले यांच्या कामात कोणतीही कसूर आढळलेली नाही. ते इच्छुक असल्यास त्यांना पुन्हा कामावर घेण्यात येईल.

पत्र टपालाने पाठवता आले असते. वंदनाताईने विचारले, "तुम्ही स्वतः जाणार ना, सर?" त्यामुळे गेलो.

एस.टी.ने सेनगाव, तिथून जीपने फाटा आणि पुढे पायी. दुपारची वेळ होती. पोलेंच्या मेंढवाड्यासमोरच्या कडुलिंबाखाली मेंढ्यांची लोकर कातरण्याचे काम चालले होते. हे काम एकट्या घराचे नसते. शेजारपाजारचे आठ-दहा जण कातरी घेऊन आलेले होते. नामदेव एका मेंढीचे पाय धरून बसला होता. तिची कातरणी पुरी होईपर्यंत तो उठला नाही.

"या सर. पाणी घ्या."

"कोण हाय रं?" पलीकडून म्हाताऱ्या माणसाने विचारले. ते त्याचे वडील, सटवाजी. त्यांना ऐकू कमी येत होते.

"फॅक्टरीतले सर, बाबा."

"ज्यानी काढलं ते?"

"त्यानी न्हाई काढलं," नामदेव म्हणाला. "त्यानी लिवलं व्हतं."

कातरणाऱ्यांपैकी एक जण मान वर न करता म्हणाला, "तेल गिरणीतबी गेल्ता तो कामाला. गेटवरच म्हनले, तुह्या हातून सफाई होत न्हाई म्हनं. सगळीकडं पोचली तुमची चिठ्ठी."

मी नामदेवला पत्र दिले. त्याने ते उभ्यानेच वाचले आणि परत माझ्या हातात ठेवले.

"बाबाला तुमीच वाचून दाखवा, सर. मी वाचलेलं त्याला पटत न्हाई. म्हनतो, पोरगं सोताच्या मनानं वाचून राहिलं."

मी वाचायला सुरुवात केली.

"ऐकू येईना," सटवाजी म्हणाले. "मोठ्यानं."

मी मोठ्याने वाचले. कातरींचा आवाज थांबला. पत्र लहान होते, लगेच संपले.

"म्हंजे काय झालं?" सटवाजींनी विचारले.

"म्हणजे नामदेवची चूक नव्हती."

"हे मला ठावं हाय. मंग कुनाची व्हती?"

"जिवाणू निवडताना प्रयोगशाळेत..."

"मानसाचं नाव इचारून राहिलो मी."

"माझी," मी म्हणालो.

"आं?"

"माझी चूक होती, बाबा. निवडायचं काम माझं होतं. मी चुकीचे निवडले आणि ठपका नामदेववर आला."

सटवाजींनी नामदेवकडे पाहिले. नामदेवने मान हलवली, म्हणजे ऐकले ते बरोबर आहे.

"निवडलं म्हंजे कसं?" सटवाजींनी विचारले.

मी सांगितले. मोठे, दांडगे ते घेत गेलो आणि बारके टाकत गेलो. कामाचे होते ते बारके.

"दांडगं दिसलं म्हनून घेतलं," ते म्हणाले. "आमीबी तेच केलं असतं." मग कागदाकडे हात केला. "पन आमी दुसऱ्याचं नाव न्हाई सांगितलं असतं. ह्या कागदात तुमचं नाव कुठं हाय?"

"नाही."

"मंग लिवा."

मी खिशातले पेन काढले. कातरलेल्या लोकरीच्या गाठोड्यावर कागद ठेवला तर तो दबत होता. एकाने पत्र्याचा डबा उलटा करून दिला. मॅनेजरच्या सहीखाली मी लिहिले की जिवाणूंची निवड मी केली होती, त्रुटी माझी आहे. खाली पूर्ण नाव लिहिले आणि सही केली. नाव कुठे आहे ते दाखवा, असे सटवाजी म्हणाले. मी दाखवले. त्यांनी तिथे बोट ठेवले, नामदेवकडून एकदा वाचून घेतले आणि कागद त्याच्याकडे दिला. पुढची मेंढी आणा, असे सांगितले.

नामदेव मला फाट्यापर्यंत सोडायला आला. परत कामावर ये, असे मी म्हणालो. सीड टाकी त्याचीच राहील, कायम करण्याचेही मॅनेजरनी मान्य केले आहे, हेही सांगितले.

"न्हाई सर. आता टाकी कशानंबी नासली, तर आधी लोकं माझ्याकडंच बघतील. अन् मी तुमच्याकडं बघीन. असं काम होत न्हाई."

"मग करणार काय?"

"कागद बराबर झाला ना. बघू कुठं चालतो."

जीप आली. त्याने माझी पिशवी आत ठेवली आणि ड्रायव्हरला, सरांना स्टँडपर्यंत सोड, असे सांगितले.

कारखान्यात त्यानंतर कॉलन्या उचलण्याचे काम वंदनाताईने केले. दर तीन महिन्यांनी नवी कुपी फोडली गेली, संपल्यावर पुण्याहून मागवली गेली. कारखाना बंद पडेपर्यंत जिवाणू पुन्हा उलटला नाही. अहवाल मीच लिहीत होतो. त्यात संशय हा शब्द आला की वंदनाताई त्याखाली पेन्सिलने रेघ मारून कागद परत आणायची.

नामदेव ते पत्र घेऊन पुन्हा तेल गिरणीच्या गेटवर गेला होता. तिथे त्याला बॉयलरवर घेतले आणि वर्षाने कायम केले. हे त्याने वंदनाताईला येऊन सांगितले, पेढेही दिले. त्या दिवशी मी शेजारच्या खोलीत होतो. त्याचा आवाज मला ऐकू येत होता. तो मला भेटायला आला नाही, आणि मीही उठून बाहेर गेलो नाही.